खेळ, रंग आणि मुलांचे मन
(पालक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या गावाविषयी एक जुनी म्हण आहे, 'जालना सोने का पालना'. म्हण झाली ती येथील बाजारपेठेमुळे, व्यापारामुळे. परंतु पाळणा म्हटला की मूल आलेच. पाळणा सोन्याचा असला तरी त्यात निजलेले मूल रडते कशासाठी, हे ज्याला कळत नाही त्याला त्या सोन्याचा काय उपयोग? म्हणून आज मुलांच्या मनाविषयी, आणि त्या मनापर्यंत जाण्याच्या एका वाटेविषयी मी बोलणार आहे. ती वाट म्हणजे खेळ, चित्र, माती, गोष्ट, गाणे आणि नाटक.

मनाने अडचणीत सापडलेल्या माणसाला बोलते करून, ऐकून घेऊन, त्याची त्याला वाट शोधण्यास मदत करणे याला मराठीत 'समुपदेशन' असा शब्द आहे. शब्द भारदस्त आहे, पण थोडा फसवा आहे. त्याच्या पोटात 'उपदेश' दडलेला आहे. त्यामुळे पालक मुलाला समुपदेशकाकडे नेतात आणि सांगतात, "याला जरा दोन शब्द सांगा, आमचे ऐकत नाही." दोन शब्द सांगून भागले असते तर ते अब्बांनी आणि सरांनी दोनशे वेळा सांगून झालेले असतात. मुलाला सांगण्यापेक्षा त्याचे ऐकायचे असते. अडचण एवढीच, की मूल मोठ्यांच्या भाषेत बोलत नाही. त्याची भाषा वेगळी आहे आणि ती आपल्याला शिकून घ्यावी लागते.

मूल का बोलत नाही?

मोठ्या माणसाला दुःख झाले तर तो म्हणतो, मला वाईट वाटते. सहा वर्षांच्या मुलाजवळ हे वाक्य नसते. त्याच्याजवळ पोटदुखी असते. सकाळी शाळेच्या वेळी त्याच्या पोटात दुखते, रविवारी दुखत नाही. कोणी अंथरूण ओले करू लागते, कोणी नखे खाते, कोणी धाकट्या भावंडाला चिमटे काढते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाजवळ शब्द असतात, पण ते उच्चारण्याची लाज असते. तो दार लावून घेतो, उलट बोलतो, नाहीतर मोबाइलमध्ये डोके घालून बसतो. आपण म्हणतो, पोरगा बिघडला. पण त्याच्या मनात काही साचले असेल असे आपल्याला वाटत नाही.

आपल्या जिल्ह्यातील मुलांपुढचे प्रश्न डोळ्यांपुढे आणा. मंठा, अंबड, घनसावंगी या तालुक्यांतून अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात. मुलांची शाळा बुडते, नाहीतर मुले आजी-आजोबांजवळ राहतात आणि चार-पाच महिने आई फक्त फोनवर भेटते. शहरात लोखंडाच्या कारखान्यांत रात्रपाळी करणारा बाप दिवसा झोपलेला असतो आणि घरात 'आवाज करू नका' हाच नियम असतो. पाऊस दगा देतो, कर्ज वाढते, आणि मुलांना वाटते की घरातील ताण आपल्यामुळेच आहे. हे लक्षात ठेवा: लहान मूल घरातील प्रत्येक संकटाचे कारण स्वतःला समजते. बाप घर सोडून गेला, आई आजारी पडली, दादी वारली, तर 'मी हट्ट केला म्हणून हे झाले' असे त्याला वाटत राहते, आणि तो ते कोणालाही सांगत नाही.

आपल्या समाजातील मुलांची आणखी एक अडचण आहे. घरात दखनी किंवा उर्दू, मदरशात अरबी, शाळेत मराठी, आणि वर इंग्रजी. या चार भाषांमधून वाट काढताना पहिली-दुसरीतील मूल कधी कधी गप्पच होऊन जाते. वर्गात ते बोलत नाही म्हणून कोणीतरी त्याच्यावर 'मंद' असा शिक्का मारतो. प्रत्यक्षात ते घरी पोपटासारखे बोलत असते. अशा मुलाच्या हातात मातीचा गोळा किंवा रंगीत खडू दिला, की भाषेची अडचण तेवढ्यापुरती दूर होते. मातीला व्याकरण नसते.

हा विषय केवळ हौसेचा नाही. बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ साली देशातील मानसिक आरोग्याची पाहणी केली. तीत तेरा ते सतरा वर्षे वयाच्या शंभर मुलांपैकी सुमारे सात मुलांना मानसिक आजाराचा त्रास असल्याचे आढळले. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ या एका वर्षात आपल्या देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि राज्यांच्या यादीत १,७६४ मृत्यूंसह आपला महाराष्ट्र पहिला होता. ही मुले आपल्यासारख्याच घरांतील होती. त्यांतील कितीतरी घरांना आधी काही कळलेच नसेल.

खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय?

आता काही पालकांच्या मनातील शंका मी बोलून दाखवतो. खेळ आणि चित्रे यांत वेळ कशाला घालवायचा? अभ्यास कोण करणार? आणि आपल्या रीतीत हे बसते का?

ज्यांच्या विद्वत्तेपुढे आपण मान लवतो ते इमाम गझाली सन ११११ मध्ये वारले. मुलांच्या वळणाविषयी त्यांनी आपल्या 'इह्या' या ग्रंथात लिहिताना स्पष्ट सांगितले आहे, की मकतबातून सुटल्यावर मुलाला चांगला खेळ खेळू द्यावा म्हणजे त्याचा शीण जाईल. खेळाची बंदी करून सतत शिक्षणाचा भार टाकला तर मुलाचे मन मरते, बुद्धी बोथट होते, आणि ते शिक्षणातूनच सुटण्याच्या युक्त्या शोधू लागते. नऊशे वर्षांपूर्वीचे हे निरीक्षण आहे. ते वाचताना आजच्या शिकवणी वर्गांची आठवण होते.

त्याच्याही आधीची दोन उदाहरणे हदीसमध्ये आहेत. अबू उमैर नावाच्या एका लहान मुलाचा पाळलेला पक्षी मेला. मूल खिन्न झाले. प्रेषित हजरत महंमद पैगंबर (स.) त्या घरी येत तेव्हा मुलाच्या नावाशी पक्ष्याच्या नावाचे यमक जुळवून प्रेमाने त्या पक्ष्याची विचारपूस करीत. एवढ्याशा पक्ष्यासाठी काय रडतोस, असे ते म्हणाले नाहीत. ज्या गोष्टीचे मुलाला दुःख होते, तिचेच नाव त्यांनी घेतले, आणि तेही खेळकर शब्दांत. दुसरे उदाहरण हजरत आयेशा यांच्या बाहुल्यांचे. त्यांत चिंध्यांचे पंख लावलेला एक घोडा होता. पैगंबर साहेबांनी विचारपूस केली तेव्हा हजरत आयेशांनी उत्तर दिले, की हजरत सुलेमान यांच्या घोड्यांना पंख होतेच ना! त्यावर पैगंबर साहेब हसले. आधी विचारले, मग ऐकले, आणि चूक न काढता आनंद मानला. मुलांच्या समुपदेशनाचे आजचे शास्त्र याहून फार वेगळे काही सांगत नाही.

काही घरांत माणसांची किंवा प्राण्यांची चित्रे काढण्याविषयी संकोच असतो. त्या घरांनी तो खुशाल पाळावा. झाड, डोंगर, नदी, घर, आभाळ, वेलबुट्टी, खत्तातीची अक्षरे, मेहंदीची नक्षी यांतूनही मन तितकेच बोलते. पाने झडलेले झाड आणि दार नसलेले घर पुष्कळ काही सांगून जाते.

खेळाने मन हलके कसे होते?

याचा पद्धतशीर अभ्यास गेल्या शंभर वर्षांत झाला. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत असताना ॲना फ्रॉईड आणि त्यांच्या सहकारी डोरोथी बर्लिंगहॅम यांनी घरापासून तुटलेल्या मुलांसाठी संगोपनगृहे चालवली. तेथील मुले बॉम्ब पडण्याचा खेळ खेळत. कागदाची घरे मांडायची आणि वरून काहीतरी टाकून पाडायची. एका चार वर्षांच्या मुलाचे वडील हवाई हल्ल्यात गेले होते. त्याच्या खेळात घरातील माणसे दर वेळी वाचत आणि घर पुन्हा उभे राही. तोंडाने तो वडील गेल्याचे मान्य करीत नव्हता, पण काय हवे होते ते त्याचा खेळ सांगत होता.

यातून खेळाचे कार्य कळते. प्रत्यक्ष आयुष्यात मूल लहान आणि असहाय असते. खेळात तेच मालक असते. जे घडले ते पुन्हा मांडता येते, हवे तेथे थांबवता येते, शेवट बदलता येतो. असे अनेक वेळा केल्यावर भीतीची धार कमी होते. शिवाय खेळात दुःख बाहुलीचे असते, आपले नसते. 'बाहुलीला रात्री भीती वाटते' असे म्हणणे सोपे असते. 'मला भीती वाटते' हे फार अवघड असते.

अमेरिकेतील व्हर्जिनिया ॲक्सलाइन यांनी १९४७ साली खेळोपचारावर पुस्तक लिहून त्याची पथ्ये सांगितली. त्यांचा सारांश असा: मूल जसे आहे तसे त्याला स्वीकारा. खेळ कसा खेळायचा ते त्याला ठरवू द्या. घाई करू नका. त्याची भावना ओळखून ती सौम्य शब्दांत त्याला परत सांगा. मर्यादा घाला, पण अगदी आवश्यक तेवढ्याच. त्यांनी १९६४ साली एका पाच वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. घर सुशिक्षित, सुस्थितीतील. मूल शाळेत कोणाशी बोलत नसे, टेबलाखाली दडून बसे, आणि ते मतिमंद असावे अशी आईवडिलांना शंका होती. आठवड्यातून एकदा खेळाच्या खोलीत, वाळू, बाहुल्या आणि रंग यांच्या संगतीत ते हळूहळू मोकळे झाले. पुढे बुद्धिमापन केले तेव्हा ते असामान्य बुद्धीचे निघाले. 'मंद' हा शिक्का उचलण्यापूर्वी ही हकीकत आठवावी.

लंडनचे बालरोगतज्ज्ञ डोनाल्ड विनिकॉट यांची युक्ती तर कोणत्याही घरात करता येईल. ते कागदावर डोळे मिटून एक वेडीवाकडी रेघ ओढीत आणि मुलाला म्हणत, याचे काहीतरी कर. मूल त्या रेघेचे झाड करी, साप करी. मग मुलाने रेघ ओढायची आणि डॉक्टरांनी तिचे काहीतरी करायचे. पाच-दहा कागद झाले की संकोच गळून पडे आणि बोलणे सुरू होई. खर्च किती? एक पेन्सिल आणि रद्दी कागद.

आपल्या मातीतील वाटचाल

हे सर्व परदेशातले, असे कोणी म्हणेल. तसे नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या पालघरमधील, बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ पासून हे काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये चालले. माँटेसरीची साधने महाग. म्हणून या बायांनी दगडगोटे, शिंपले, पाने, बिया यांचीच साधने केली. मुले शाळेत येईनात तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. गरीब मुलालाही खेळाचा हक्क आहे, आणि त्यासाठी दुकानातील खेळणी लागत नाहीत, हे त्यांनी महाराष्ट्राला दाखवून दिले.

आपल्या मराठवाड्याने ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट पाहिली आहे. किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील गावे जमीनदोस्त झाली. भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुलांना पुण्यात नेऊन त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. अशा संकटात अन्न, कपडे, छप्पर आधी लागते हे खरेच. पण अन्न मिळाल्यावरही जे मूल रात्री दचकून उठते, त्याच्यासाठी काय करायचे हा प्रश्न उरतो. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर दक्षिणेच्या किनाऱ्यावर निम्हान्सच्या तज्ज्ञांनी गावोगावच्या कार्यकर्त्यांना तयार केले, ते याच कामासाठी. चित्रे, माती, गोष्टी, खेळ यांच्या साहाय्याने मुलांना मोकळे कसे करावे, हे त्यांना शिकवले गेले. ते कार्यकर्ते डॉक्टर नव्हते, तुमच्या-आमच्यासारखी साधी माणसे होती.

किशोरवयीन मुलांसाठी नाटकाचे सामर्थ्य पाहायचे असेल तर ठाण्याकडे पाहावे. ज्येष्ठ नाटककार रत्नाकर मतकरी यांनी २०१४ साली तेथील लोकवस्त्यांतील मुलामुलींसाठी 'वंचितांचा रंगमंच' सुरू केला. मुलांना आयती संहिता द्यायची नाही. त्यांच्याच आयुष्यातील प्रश्न त्यांनी मांडायचे, त्याच वस्तीतील भाषेत, स्वतः बसवून. मतकरी २०२० साली करोनाने गेले. पण ज्या मुलाला घरात बोलण्याची परवानगी नसते, तेच मूल रंगमंचावर शंभर माणसांपुढे आपले म्हणणे मांडू शकते, हे त्या कामाने सिद्ध झाले.

आणि एक उदाहरण फार दूरचे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. फ्रीडल डिकर-ब्रांडाइस नावाच्या चित्रकर्त्रीला नाझींनी १९४२ च्या डिसेंबरात तेरेझिनच्या छावणीत डांबले. तेथे त्यांनी कैदेतील मुलांना चित्रकला शिकवली. प्रत्येक चित्रावर मुलाने आपले नाव लिहावे असा त्यांचा आग्रह असे, कारण छावणीत माणसाचा नुसता क्रमांक होत असे. १९४४ साली ऑशविट्झच्या मृत्युछावणीत रवानगी होण्यापूर्वी त्यांनी मुलांची सुमारे साडेचार हजार चित्रे दोन पेट्यांत भरून लपवून ठेवली. त्या वाचल्या नाहीत, बहुतेक मुलेही वाचली नाहीत. चित्रे आज प्राग शहरात जपून ठेवलेली आहेत. फ्रीडल यांच्या विद्यार्थिनी एडिथ क्रेमर पुढे अमेरिकेत कलोपचाराच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक झाल्या. मृत्यूच्या छायेतही मुलांना रंग द्यावेसे वाटले, तेथे आपण परीक्षेच्या छायेत ते काढून घेतो, याचा विचार व्हावा.

घरी काय करता येईल?

पालकहो, तुम्ही तज्ज्ञ होण्याची गरज नाही. आठवड्यातून दोन-तीन वेळा अर्धा तास मुलासाठी काढा. त्या वेळात मोबाइल नको, अभ्यासाची चौकशी नको.

लहान मुलांची भातुकली आहे. आपल्या घरांत तिला हंडकुलिया म्हणतात. गुड्डा-गुड्डीचे लग्न आहे. या खेळात मूल कधी अम्मी होते, कधी अब्बा होते, आणि आपण घरात कसे बोलतो ते आपल्यालाच ऐकायला मिळते. बाहुलीला सारखी रागावणारी मुलगी दिसली तर तिला रागावू नका. "ही बाहुली फार घाबरली वाटतं, तिला काय हवं असेल?" एवढेच विचारा आणि उत्तराची वाट पाहा.

पोळ्याच्या सुमारास खेड्यापाड्यांत मुले मातीचे बैल करतात. तीच माती वर्षभर आणून द्या. रागीट मुलासाठी मातीसारखे औषध नाही. ती आपटता येते, मळता येते, मोडून पुन्हा घडवता येते, आणि त्यात कोणाला इजा होत नाही.

चित्र काढले तर तीन गोष्टी टाळा. 'हे काय काढलंस?' असे हिणवून विचारू नका. 'झाड असं नसतं' म्हणून दुरुस्त करू नका. आणि बक्षीस किंवा गुण देऊ नका. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या परीक्षा चांगल्याच आहेत, पण तेथे हात तपासला जातो. येथे आपल्याला मन ऐकायचे आहे. "या चित्राविषयी मला सांग ना," एवढे वाक्य पुरे. मूल काही बोलले नाही तरी हरकत नाही. शेजारी बसून राहणे हेही पुष्कळ आहे.

चौदा-पंधरा वर्षांची मुले भातुकली खेळणार नाहीत. त्यांच्याशी समोरासमोर बसवून बोलणे म्हणजे चौकशीच होते. हात कामात गुंतले की जीभ मोकळी होते. कशिदा काढताना, मेहंदी घालताना, सायकल दुरुस्त करताना, पतंगाला मांजा लावताना त्यांच्या शेजारी बसा. मुलीला एक कोरी वही द्या आणि ती कधीही उघडून पाहू नका. बैतबाजी, म्हणजे आपल्या भेंड्या, सुरू करा. स्वतःचे दोन शेर जुळवू द्या. यमक चुकले तरी चालेल. लगोरी, कबड्डी, क्रिकेट यांत हरण्याची आणि पुन्हा उभे राहण्याची सवय लागते. दहावीच्या वर्षी मैदान बंद करणारे घर ती सवयही बंद करते. मुलींचे मैदान तर त्याही आधी, बाराव्या-तेराव्या वर्षी बंद होते. त्यांच्यासाठी शाळेच्या आवारात तरी जागा आणि वेळ राखून ठेवावी.

मर्यादाही ओळखा

खेळ आणि रंग म्हणजे जादूची कांडी नव्हे. काळा रंग वापरला म्हणजे मूल दुःखी, असले अर्थ लावू नका. त्याच्याजवळ कदाचित तेवढाच खडू शिल्लक असेल. एका चित्रावरून निदान करण्याचा अधिकार तज्ज्ञालाही नाही, मग आपल्याला कोठून असणार?

काही वेळा मात्र थांबू नये. मूल आठवडे लोटले तरी जेवत नाही, झोपत नाही, सर्वांपासून तुटते, स्वतःला इजा करते, किंवा मरणाच्या गोष्टी बोलते, तर ती धमकी किंवा नाटक समजू नका. त्याला एकटे सोडू नका. 'तुझ्या मनात जीव देण्याचा विचार येतो का?' असे सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट मुलाला बोलण्याची वाट मिळते. त्याला घेऊन जिल्हा रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञांकडे जा. १० ऑक्टोबर २०२२ पासून शासनाने 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा सुरू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि आपल्या भाषेत बोलता येते. एखाद्या मुलाचा छळ किंवा लैंगिक गैरवापर होत असल्याची शंका आली, तर अब्रूच्या भीतीने झाकून ठेवू नका. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक आहे, आणि २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अशी गोष्ट कळवणे बंधनकारक आहे. अशा मुलाकडून खेळात किंवा चित्रात काही बाहेर आले तर खोदून खोदून विचारू नका. तू सांगितलेस हे चांगले केलेस, यात तुझा काही दोष नाही, एवढे सांगा आणि जाणकाराची मदत घ्या.

कोणी दुआ करते, कोणी दर्ग्यावर नवस बोलते. घराला त्यातून धीर मिळत असेल तर मिळू द्या. पण त्यासाठी डॉक्टरकडे जाणे लांबवू नका. दुआ आणि दवा आपल्या घरांत नेहमीच जोडीने चालत आल्या आहेत.

शिक्षकांना आणि संस्थेला विनंती

शिक्षक मित्रहो, वेळापत्रकात चित्रकलेचा आणि खेळाचा तास असतो. परीक्षा जवळ आली की गणित त्याला गिळून टाकते. तो तास परत मिळवा. मुलांना मानसिक त्रास देण्यास २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे आणि त्याच कायद्यात शाळेला मैदान असावे असे म्हटले आहे. खेळ हा मुलाचा हक्क असल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात नमूद आहे. आपल्या देशाने तो करार १९९२ साली मान्य केला. कायदा आपल्या बाजूने आहे, कमी पडते ती आपली इच्छा.

संस्थेला माझी विनंती फार मोठी नाही. एक छोटी खोली द्या. तिच्यात सतरंजी, वाळूचा एक ट्रे, माती, चिंध्यांच्या बाहुल्या, जुने कागद आणि रंगीत खडू ठेवा. दोन शिक्षकांना, त्यांतील एक भगिनी असाव्यात, रीतसर प्रशिक्षणाला पाठवा. त्या खोलीत जे बोलले जाईल ते मुख्याध्यापकांपर्यंतही जाणार नाही, फक्त मुलाच्या जिवाला धोका असेल तेव्हाच सांगितले जाईल, असा नियम मुलांसमोर जाहीर करा. विश्वास बसायला सहा महिने लागतील. तेवढा धीर धरा.

आणि विद्यार्थी मित्रांनो, शेवटचे दोन शब्द तुमच्यासाठी. मनावर ओझे असणे हा गुन्हा नाही आणि ईमान कमी असल्याचे ते लक्षणही नाही. बोलता येत नसेल तर लिहा, काढा, गा, खेळा. आणि तुमच्यातील कोणी अचानक गप्प झाला, एकटा राहू लागला, तर त्याची टिंगल करू नका. त्याला खेळायला बोलवा. तो नाही म्हणाला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलवा. त्याने विश्वासाने काही भयंकर सांगितले तर ते एकट्याने पोटात ठेवू नका, ज्यांच्यावर तुमचा भरवसा आहे अशा मोठ्या माणसाला सांगा. असे सांगणे म्हणजे चहाडी नव्हे, दोस्ती आहे.

पालकहो, आज घरी गेल्यावर मुलाला गुण विचारू नका. जमिनीवर बसा, कागदावर डोळे मिटून एक वेडीवाकडी रेघ ओढा आणि पेन्सिल त्याच्या हातात द्या.